धावपट्टीवरचा ‘हो’

विमानाचा आवाज कानी आला की आपली मान आपोआप वर होते. विमान म्हणजे आभाळ, आणि विमानाला धोका असेल तर तो आभाळातच, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. परंतु विमानवाहतुकीच्या इतिहासात ज्या अपघाताने सर्वांत अधिक बळी घेतले, तो आभाळात घडलाच नाही. तो जमिनीवर, धावपट्टीवर घडला. दोन्ही विमाने सुस्थितीत होती, इंजिने ठीक होती, वैमानिक अनुभवी होते. बिघडले होते ते बोलणे. आणि म्हणूनच कला शाखेच्या एका विद्यार्थ्याने या विषयावर लेखणी उचलण्याचे धाडस केले आहे.

हे धाडसच आहे, याची मला जाणीव आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. विमानात बसण्याचा योग मला अद्याप आलेला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. माझे वडील रेल्वेत गेटमन होते आणि माझे बालपण एका फाटकाशेजारच्या खोलीत गेले. विमानाचा हा विषय मला समजू लागला तो त्या फाटकामुळे. म्हणून आधी फाटकाची गोष्ट सांगतो.

फाटकावरचा फोन

आमच्या खोलीत एक काळा फोन होता. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तरांचा फोन येई. अण्णा (वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो) मास्तरांचे बोलणे ऐकून घेत, तेच शब्द पुन्हा उच्चारत, बाहेर जाऊन फाटक लावत, कुलूप घालत आणि परत येऊन मास्तरांना एक नंबर सांगत. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनजवळ अशा नंबरांचा एक छापील कागद असतो. एक नंबर एकदाच द्यायचा, दिला की खोडायचा आणि दोघांनीही आपापल्या वहीत लिहून ठेवायचा. तो नंबर मिळाल्याखेरीज मास्तर गाडीला सिग्नल देत नसत.

मी आठेक वर्षांचा असेन. फाटकात उसाची एक ट्रॉली अडकली होती आणि अण्णा ती काढायला बाहेर गेले होते. फोन वाजला, मी तो मोठ्या रुबाबात उचलला. मास्तर भरभर काहीतरी बोलले. मला अर्धेच कळले. मी म्हणालो, “व्हय साहेब.” ते म्हणाले, “नंबर?” मला काही सुचेना. मी फोन ठेवून दिला आणि गोट्या खेळायला पळालो.

त्या दिवशी गाडी सिग्नलला काही मिनिटे उभी राहिली. अण्णांना लेखी खुलासा द्यावा लागला. परंतु त्याहून अधिक काही झाले नाही, कारण माझ्या ‘व्हय’ला त्या व्यवस्थेत काडीची किंमत नव्हती. किंमत होती नंबराला. रात्री अण्णांनी मला समोर बसवले. मारले नाही. एवढेच म्हणाले, “व्हय म्हंजे काय? काय ऐकलंस ते सांग.” मला सांगता येईना. तेव्हा ते म्हणाले, “मग व्हय कशाला म्हनलास?”

धावपट्टी म्हणजे काय?

आता विमानतळाकडे वळू. एस.टी. स्टँडवर जशा फलाटाला लागलेल्या गाड्या असतात, तशी विमाने ज्या फरसबंद मैदानात उभी असतात त्याला एप्रन म्हणतात. तेथून धावपट्टीकडे जाणारे रस्ते म्हणजे टॅक्सी-वे. आणि जिच्यावरून विमान उड्डाण करते व जिच्यावर उतरते ती धावपट्टी, म्हणजेच रनवे.

प्रत्येक धावपट्टीला आकड्यांचे नाव असते आणि त्यामागे साधे गणित असते. होकायंत्रावर विमानाचे तोंड ज्या अंशाकडे असेल त्याला दहाने भागायचे. पूर्वेकडे म्हणजे ९० अंशांकडे तोंड असेल तर धावपट्टी ०९, आणि त्याच पट्टीवर पश्चिमेकडे, २७० अंशांकडे तोंड केले तर तीच धावपट्टी २७. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे नाव ०९/२७ असे जोडीने लिहितात ते यामुळेच. मुंबईला १४/३२ नावाची दुसरीही धावपट्टी आहे. पण दोन्ही पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. २०१८ साली या विमानतळाने एकाच दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा हाताळली होती. यावरून धावपट्टीवर किती गर्दी असते याची कल्पना यावी.

धावपट्टीचा मूळ नियम आमच्या एकेरी रेल्वेमार्गासारखाच आहे. एका वेळी एकच. एक विमान पट्टी मोकळी करीपर्यंत दुसऱ्याला मोकळीक नाही. उड्डाणासाठी धावणारे मोठे विमान ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेग घेते. एका मर्यादेनंतर त्याला थांबताही येत नाही. अशा पट्टीवर जे विमान, जे वाहन किंवा जो माणूस त्या क्षणी असायला नको तो असणे, याला इंग्रजीत ‘रनवे इन्कर्शन’ म्हणतात. आपण त्याला धावपट्टीवरील घुसखोरी म्हणू; पण ही घुसखोरी बहुधा कोणी जाणूनबुजून करीत नाही. ‘मला परवानगी आहे’ अशा प्रामाणिक समजुतीने माणूस पुढे जातो, आणि तेथेच घात होतो.

टेनेरीफची दुपार

अटलांटिक महासागरात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ स्पेनची कॅनरी बेटे आहेत. २७ मार्च १९७७ रोजी त्यांपैकी ग्रान कॅनेरिया बेटाच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाला. विमानतळ बंद झाला आणि तिकडे निघालेली विमाने शेजारच्या टेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस या विमानतळाकडे वळवण्यात आली. त्यांत दोन जंबो जेट विमाने होती. एक हॉलंडच्या के.एल.एम. कंपनीचे, दुसरे अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचे.

लॉस रोदेओस तेव्हा लहान विमानतळ होता. धावपट्टी एकच आणि तिला समांतर टॅक्सी-वेही एकच. पाहुणी विमाने इतकी आली की टॅक्सी-वेचा काही भाग उभ्या विमानांनी अडून गेला. त्यामुळे उड्डाणापूर्वी धावपट्टीवरूनच उलट दिशेने चालत टोकाला जायचे व तेथे वळून उडायचे, एवढाच मार्ग उरला. आधी डच विमान निघाले. त्याच्या मागोमाग त्याच पट्टीवरून अमेरिकन विमान निघाले. त्याने तिसऱ्या वाटेने पट्टीबाहेर पडावे, असे नियंत्रकाने सांगितले होते. पण ती वाट इतक्या तीव्र कोनात मागे वळणारी होती की जंबोला तेथे वळणे अवघड. वैमानिक चौथ्या वाटेच्या दिशेने पुढे जात राहिले.

विमानतळ समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून अधिक उंच. आपल्या घाटात उतरतात तसे ढग धावपट्टीवर उतरले. डच विमानाला अमेरिकन विमान दिसेना, अमेरिकन विमानाला डच दिसेना, आणि मनोऱ्यातील नियंत्रकाला दोन्ही दिसेनात. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार तेथे नव्हते. म्हणजे तिघांना जोडणारा एकच धागा उरला होता, रेडिओवरील शब्द. नियंत्रक स्पॅनिश, एक वैमानिक डच, एक अमेरिकन. आणि भाषा इंग्रजी.

तीन ‘हो’

डच विमानाचे कप्तान याकोप फेल्डहाउझेन फान झान्टेन हे कंपनीतील नामांकित प्रशिक्षक होते. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा त्यांनीच घेतली होती. विमान टोकाला वळून उभे राहताच कप्तानांनी इंजिनाचा जोर वाढवला. सहवैमानिकाने आठवण दिली की अजून परवानगी मिळालेली नाही. कप्तान थांबले आणि विचारून घे म्हणाले.

नियंत्रकाने जी परवानगी दिली, ती उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे त्याची होती. उडण्याची नव्हे. पण तिच्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला होता. सहवैमानिकाने ती वाचून दाखवली आणि शेवटी ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचे मोघम वाक्य जोडले. त्या वेळी कप्तानांनी विमान सोडलेही होते. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी तयार उभे आहे. तो म्हणाला, “ओके.” हा पहिला ‘हो’.

क्षणभर थांबून त्याने पुढे सांगितले की थांबा, मी बोलावीन. त्याच क्षणी अमेरिकन वैमानिकाने, आपण अजून पट्टीवरच आहोत, असे घाईने कळवले. रेडिओच्या एकाच लहरीवर दोघे एकदम बोलले तर ऐकणाऱ्याला दोन्ही नीट ऐकू येत नाहीत; शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. डच विमानात ‘ओके’ स्पष्ट पोहोचले आणि त्यापुढचे, जीव वाचवणारे दोन्ही निरोप त्या शिट्टीत बुडाले.

तरीही एक संधी शिल्लक होती. पट्टी मोकळी झाली की कळवा, असे नियंत्रकाने अमेरिकन विमानाला सांगितले आणि कळवतो, असे त्यांचे उत्तर आले. हे डच विमानातील फ्लाइट इंजिनिअरच्या कानांवर पडले. त्याने कप्तानांना विचारले, तो अजून पट्टीवरून बाहेर गेला नाही का? कप्तान ठामपणे म्हणाले, “गेला की!” हा दुसरा ‘हो’. इंजिनिअर गप्प बसला. सहवैमानिकही गप्प बसला. एवढ्या मोठ्या माणसाला पुन्हा कोण विचारणार? ते गप्प बसणे, हा माझ्या मते तिसरा ‘हो’.

काही सेकंदांत समोर अमेरिकन जंबो दिसले. कप्तानांनी विमान उचलण्याचा प्रयत्न केला, शेपटी जमिनीवर घासली, पण व्हायचे ते झाले. डच विमानातील सर्व २४८ माणसे गेली. अमेरिकन विमानातील ३९६ पैकी ३३५ गेली, ६१ वाचली. एकूण ५८३. आमच्या गावाची वस्ती साधारण एवढीच आहे. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा मी मनातल्या मनात गावातील घरे मोजत होतो.

शब्दांना लावलेले कुलूप

या अपघाताने विमानवाहतुकीची भाषा बदलली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता दोनच प्रसंगी उच्चारतात: प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना व ती रद्द करताना. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. एक शब्द चक्क कुलपात ठेवला गेला आणि किल्ली एकाच कामासाठी राखली गेली. भाषेच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा. आपण एका अर्थाला दहा शब्द शोधतो आणि ते साहित्यात शोभते. तेथे मात्र एका शब्दाला दुसरा अर्थ चिकटू देत नाहीत.

दुसरी शिस्त ‘रीडबॅक’ची. धावपट्टीवर येणे, ती ओलांडणे, तिच्याअलीकडे थांबणे, उडणे, उतरणे, यांविषयीची प्रत्येक सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती लक्ष देऊन तपासायची. नुसते ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ चालत नाही. हे वाचताना मला अण्णांचाच आवाज ऐकू आला. काय ऐकलंस ते सांग!

तिसरी गोष्ट माणसांच्या वागण्याची. हाताखालच्याने शंका विचारावी आणि वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, याचेही रीतसर शिक्षण द्यायला हवे, हे लोकांना पटू लागले. अमेरिकेत १९७९ साली नासाने या विषयावर एक कार्यशाळा घेतली आणि १९८१ पासून युनायटेड या कंपनीने आपल्या वैमानिकांना तसे शिक्षण देण्यास सुरुवात केली. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

चौथी गोष्ट खुणांची व दिव्यांची. धावपट्टीच्या अलीकडे टॅक्सी-वेवर चार पिवळ्या रेघा आडव्या मारलेल्या असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग रेघांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीवाचून त्या ओलांडायच्या नाहीत. तुटक रेघांच्या बाजूने येणारा पट्टीवरून बाहेर पडत असतो, त्याला आडकाठी नाही. शेजारी लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांत धावपट्टीचे आकडे असतात. टॅक्सी-वेच्या कडेचे दिवे निळे, मधले हिरवे. धावपट्टीच्या कडेचे पांढरे. मोठ्या विमानतळांवर थांबण्याच्या रेघेवर जमिनीत लाल दिव्यांची ओळ बसवलेली असते. ती विझल्याशिवाय पुढे जायचे नाही. हे त्या विमानतळाचे फाटकच म्हणा ना!

तरीही अपघात का होतात?

८ ऑक्टोबर २००१ रोजी इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावर दाट धुके होते. एका लहान विमानाने सांगितलेली वाट सोडून दुसरी वाट धरली आणि ते उडत्या प्रवासी विमानाच्या पुढ्यात आले. ११८ माणसे दगावली. तेथे जुने जमिनी रडार काढून टाकले होते आणि नवे अद्याप सुरू झाले नव्हते. वाटेवरच्या खुणाही धड नव्हत्या. आपण कोठे आहोत हे वैमानिकाने जमिनीवरची एक खूण वाचून कळवले होते. पण ती खूण नियंत्रकाच्या माहितीतच नव्हती.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर झालेला अपघात तर आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिला असेल. आदल्या दिवशी जपानच्या नोतो भागात मोठा भूकंप झाला होता. तेथे मदत पोहोचवण्यासाठी तटरक्षक दलाचे एक छोटे विमान निघाले होते. नियंत्रकाने त्याला ‘नंबर वन’ म्हणून थांबण्याच्या जागेपर्यंत येण्यास सांगितले. म्हणजे उड्डाणाच्या रांगेत पहिला क्रमांक. वैमानिकांनी ते शब्द बरोबर परत म्हणून दाखवले. रीडबॅक अचूक होता! तरीही पट्टीवर जाण्याची परवानगी मिळाल्याची कप्तानाची समजूत झाली आणि ते विमान धावपट्टीवर जाऊन सुमारे चाळीस सेकंद उभे राहिले. मागून जपान एअरलाइन्सचे विमान उतरले ते त्याच्यावरच. छोट्या विमानातील सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानातील ३७९ जण मात्र सगळेच्या सगळे जळत्या विमानातून बाहेर पडले. त्यांना बाहेर काढणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आणि सामान मागे ठेवून निघालेल्या प्रवाशांचे कौतुक जगभर झाले.

या अपघाताने मला कोड्यात टाकले. शब्द बरोबर ऐकले, बरोबर परत म्हटले, तरी अर्थ चुकला, तर माणसाने करायचे काय? याचे उत्तर असे की, एका रक्षणावर कधीच विसंबून राहायचे नाही. हानेदाच्या त्या जागेचे लाल दिवे कामासाठी बंद होते. पट्टीवर कोणी असल्याचा इशारा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटत होता, पण तो कोणाच्या लक्षात आला नाही. अपघातानंतर लगेच तो पडदा सतत पाहण्यासाठी वेगळा माणूस नेमण्यात आला आणि ‘नंबर वन’ हे शब्द वापरणे थांबवण्यात आले. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी, दुसऱ्याची दिव्याने, दिव्याची रडारने, अशी रचना हवी. चारही भिंतींना एकाच वेळी एकाच जागी भोके पडली, तरच आरपार दिसते.

हे सारे परदेशातच घडते असे नव्हे. ८ जून २०२४ रोजी मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर एअर इंडियाचे विमान उड्डाणासाठी धावत असतानाच मागे इंडिगोचे विमान उतरले. कोणाला इजा झाली नाही, पण दोन विमाने काही क्षण एकाच पट्टीवर होती. चौकशी झाली. असे प्रसंग जेथे प्रामाणिकपणे नोंदवले व तपासले जातात, तेथे पुढचा अपघात टळण्याची आशा अधिक असते.

शेवटचे दोन शब्द

आमचे फाटक आता राहिलेले नाही. तेथे भुयारी मार्ग झाला आणि अण्णांची बदली झाली. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा टेनेरीफची हकीकत मी त्यांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. विमान केवढे, माणसे किती, हे काहीच विचारले नाही. शेवटी म्हणाले, “समदं खरं. पर त्या मास्तरला नंबर कुनी दिला हुता?”

कोणीच नाही, अण्णा. नंबर कोणीच दिला नव्हता.

त्यांच्या प्रश्नाने मला माझे पहिले वर्ष आठवले. इंग्रजीच्या तासाला सर शिकवत, मध्येच थांबून विचारत, “समजलं ना?” आणि आम्ही मागच्या बाकावरची, मराठी माध्यमातून, खेड्यापाड्यांतून आलेली मुले एका सुरात म्हणत असू, “हो सर.” मला कित्येकदा एक अक्षरही कळलेले नसे. पण विचारले तर पुढची मुले हसतील, सरांना वाटेल हा कोठून आला, आणि घरी सांगायला तोंड राहणार नाही, अशी भीती वाटे. सहामाही परीक्षेत त्या ‘हो’चे मोल कळले. माझा अपघात फक्त गुणपत्रिकेवर झाला, एवढेच.

त्या फ्लाइट इंजिनिअरच्या जागी मी असतो तर? त्याने निदान एकदा तरी विचारले. मी तेवढेही विचारले नसते. हे लिहिताना मला लाज वाटते, परंतु ते खरे आहे. या वर्षी मात्र मी एक शिस्त स्वतःला लावून घेतली आहे. समजले नाही तर हात वर करायचा. समजले असे वाटले तर ते स्वतःच्या शब्दांत एकदा सांगून पाहायचे. पहिल्या दिवशी वर्गात हशा पिकला. दुसऱ्या आठवड्यात माझ्याबरोबर आणखी दोन हात वर झाले.

आमच्या गुरुजनांना एक नम्र विनंती आहे. आम्ही ‘हो’ म्हणालो तर त्यावर विश्वास ठेवू नये. नंबर मागावा.

— द्वितीय वर्ष, कला